घाव गाळलेली घंटा : खंडाळ्याचा ध्वनी आणि अखंड स्वराची नीती

१

खंडाळा हे नाव मराठी मनात विसाव्याशी जोडले गेले आहे. मुंबईचा गलबला घाटाखाली ठेवून वर यावे, धुके पाहावे, शांतता ऐकावी, अशी ती कल्पना आहे. प्रत्यक्षात खंडाळ्याला शांतता क्वचितच लाभते. कर्जतला जोडलेली 'बँकर' इंजिने १:३७ च्या चढावरून गाड्या मागून रेटीत लोणावळ्यापर्यंत आणतात, तेव्हा त्यांचा घरघराट बोगद्याबोगद्यांतून अडत, फुटत, पुन्हा जुळत वर येतो. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गावरील वाहनांचा घोष रात्रीही खंडत नाही. पावसाळ्यात या सर्वांवर पाण्याचा पडदा येतो आणि त्या पडद्याआडून पहाटे शीळकरी कस्तुराची, एखाद्या माणसाने घातल्यासारखी वाटणारी, शीळ ऐकू येते.

अशा ठिकाणी एखादा रचनाकार ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन आला आहे, अशी कल्पना करावी. पाऊस, ओढा, कस्तुराची शीळ तो मुद्रित करतो. घरी गेल्यावर गाड्यांचा घरघराट गाळणीने काढतो, भोंगे कापतो, उरलेल्या ध्वनींना दीर्घ घुमारा देतो आणि त्यांच्याखाली एक अखंड, हलके तरंगणारा आधारस्वर पसरतो. चाळीस मिनिटांच्या त्या रचनेला तो 'खंडाळा' असे नाव देतो. ऐकणाऱ्याला ती सुखद वाटते आणि त्याला खंडाळ्यास जाऊन आल्याचा अनुभव येतो. या व्यवहारात काही खोटे घडले आहे काय, आणि घडले असल्यास ते नेमके कोठे घडले, हा येथे विचाराचा प्रश्न आहे. प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. कारण निवड केल्यावाचून कोणतीही कला संभवत नाही आणि निवडणे म्हणजे गाळणेच होय.

२

या रचनाप्रकाराची वंशावळ थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. पॅरिसमध्ये १९४८ साली पिएर शेफर याने बातिन्योल स्थानकावरील इंजिनांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित करून त्यांची रचना केली. मुद्रित ध्वनी हेच संगीताचे द्रव्य मानणाऱ्या परंपरेचा आरंभ असा आगगाडीपासूनच झाला, ही गोष्ट घाटाच्या संदर्भात लक्षणीय आहे. ज्या आवाजाला खंडाळ्याचा रचनाकार मल म्हणून गाळतो, तोच आवाज या परंपरेचे पहिले द्रव्य होता. पुढे कॅनडात मरे शेफर याने 'ध्वनिपरिसर' ही संकल्पना मांडली आणि मूळ स्थानापासून तोडून वाजविलेल्या ध्वनीविषयी गंभीर शंका उपस्थित केली. ब्रायन ईनो याने १९७८ मध्ये विमानतळासाठी म्हणून रचलेल्या संगीताला 'अँबियंट' हे नाव दिले. लक्ष देऊन ऐकावे किंवा दुर्लक्ष करावे, दोन्ही त्यात सारखेच चालावे, अशी त्याची अपेक्षा होती.

अखंड स्वराचा धागा मात्र भारतातूनही गेलेला आहे. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेस गेले. ला माँट यंग आणि टेरी रायली यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. तिकडील 'ड्रोन' संगीताच्या घडणीत तंबोऱ्याचा वाटा आहे तो या मार्गाने. इकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर याच्या साहाय्याने मूग सिंथेसायझरसह ध्वनिशाळा उभी राहिली आणि गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तेथे रचना केल्या. तेव्हा खंडाळ्याच्या कल्पित रचनाकाराला परकीय अनुकरणाचा दोष देऊन विषय संपविता येणार नाही. त्याच्या साधनांवर त्याचा हक्क आहे. प्रश्न त्या साधनांच्या उपयोगाचा आहे.

३

तो उपयोग समजून घेण्यास दोन घंटा साहाय्यभूत होतात. पहिली आनंदवर्धनाची. 'ध्वन्यालोका'त व्यंग्यार्थाच्या एका प्रकाराला त्याने अनुस्वानाची, म्हणजे टोल्यामागून रेंगाळणाऱ्या नादाची, उपमा दिली आहे. या प्रकाराचे वैशिष्ट्य असे की त्यात क्रम जाणवतो. आधी वाच्यार्थ, मग त्यातून उमटणारा व्यंग्यार्थ. आधी टोला, मग अनुरणन. अनुरणन कितीही दूर गेले तरी ते कोणत्या टोल्याचे, याची जाणीव श्रोत्याला सुटत नाही.

दुसरी घंटा शेफरची. घंटेच्या मुद्रित नादातून त्याने सुरुवातीचा आघात कापून टाकला, तेव्हा उरलेला नाद घंटेचा म्हणून ओळखू येईना. तो एखाद्या सुषिर वाद्यासारखा ऐकू येऊ लागला. नादाची ओळख बहुतांशी त्याच्या आरंभीच्या घावात असते, हे या साध्या प्रयोगाने दाखवून दिले. घाव काढला की अनुरणन पोरके होते. आणि पोरके झाल्यामुळेच ते कोणाच्याही पदरी घालता येते.

अँबियंट रचनेचे तंत्र मुख्यतः घाव काढण्याचे तंत्र आहे. ध्वनीचा आरंभ हलकेच वर आणावा, शेवट न कळत विरवावा, मध्ये घुमारा भरावा. खंडाळ्यात जे घाव आहेत ते केवळ ध्वनिशास्त्रीय अर्थाने नाहीत. १८६३ मध्ये भोर घाटाचा लोहमार्ग खुला झाला, तो पहार, सुरुंग आणि हातांनी खोदलेल्या बोगद्यांतून. त्या कामात पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. आज पावसाळी सहलीला येणारा प्रवासी ज्या दरीकडे पाहतो, ती त्याला त्या बोगद्यांनीच दाखविली आहे. इंजिनाचा घरघराट हा त्या मूळ घावाचा दीड शतकाहून अधिक काळ टिकलेला अनुस्वान आहे, असे म्हटल्यास ती निव्वळ अलंकारिक भाषा ठरू नये. तो गाळून जे 'खंडाळा' उरते, ते दरीवाचून धुके आहे.

४

यावर एक सबळ आक्षेप येतो. कलाकृती ही ऐतिहासिक दप्तर नव्हे. संगीताचे द्रव्य शुद्ध संवेदना आहे आणि तिच्या संघटनेत सौंदर्य असते. ध्वनी कोठून आला हे विचारणे म्हणजे चित्रातील निळ्या रंगाला त्याच्या खाणीचा पत्ता विचारणे होय. मराठी सौंदर्यविचारात या भूमिकेला मर्ढेकरांचे पाठबळ मिळू शकेल. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मधील त्यांचा विचार ललित कलांच्या संवेदनात्मक स्वायत्ततेवर उभा आहे. शेफरही ध्वनीच्या उगमाचे भान बाजूस ठेवून ऐकण्याचाच पुरस्कार करीत होता.

परंतु आक्षेपकाला मर्ढेकर अर्धेच घेता येणार नाहीत. त्यांच्या लयतत्त्वात संवादलयीबरोबर विरोधलय आहे आणि समतोललयही आहे. ज्या रचनेतून प्रत्येक विरोध आधीच गाळला गेला आहे, तिच्यात समतोलाला तोलण्यासारखे काही उरत नाही. तेथे केवळ संवादाची गुळगुळीत पसरण असते. म्हणजे शुद्ध स्वायत्ततावादी निकषावरही घाव गाळण्याची किंमत द्यावी लागते, आणि ती कलात्मक किंमत आहे.

दुसरी गोष्ट अधिक निर्णायक आहे. ध्वनीच्या उगमाशी कर्तव्य नाही असे ज्याला म्हणायचे असेल त्याने उगमाचे नाव घेऊ नये. रचनेला अनुक्रमांक द्यावा. मग तिच्याकडे केवळ नादबंध म्हणून पाहता येईल आणि नैतिक प्रश्न बराचसा विरेल. पण ती रचना 'खंडाळा' हे नाव घेते. ऐकणाऱ्याच्या मनात धुके, दरी, पाऊस उभे राहतात ते बहुतांशी या एका शब्दाने. पावसाचा मुद्रित आवाज एरवी तव्यावरील फोडणीसारखाही भासू शकतो. नाव ही स्थळाकडून केलेली उसनवारी आहे. संदर्भ घ्यायचा, त्याचे सुख उपभोगायचे आणि संदर्भाची जबाबदारी आली की स्वायत्ततेचा दाखला पुढे करायचा, हे एकाच वेळी चालणार नाही. खोटे घडते ते ध्वनी कापण्यात नव्हे. कापलेल्या ध्वनीला अखंड स्थळाचे नाव देण्यात ते घडते.

५

राहिला आधारस्वराचा प्रश्न. अखंड स्वर हा स्वभावतःच झाकणारा आहे काय? तंबोऱ्याकडे पाहिल्यास तसे म्हणता येत नाही. तंबोऱ्याचा स्वर गायकाला निजवीत नाही. त्याचे माप घेतो. षड्ज सतत ऐकू येत असल्यामुळेच गंधार किंचित उतरल्याचे कळते. तेथे अखंडता ही विचलन उघडे पाडणारी कसोटी आहे. अँबियंट रचनेत तीच अखंडता विचलन गिळणारी गादी होते. स्वर एकच, पण त्याचे नैतिक कार्य उलट.

तंबोऱ्याची बाजू मांडताना एक अडचण मात्र लपविता येत नाही. तंबोरा छेडणाऱ्यानेही घाव जाणवू देऊ नये, असाच संकेत आहे. बोट तारेवरून निसटावे आणि जवारीतून नाद आपोआप फुलल्यासारखा वाटावा. गायकाच्या मागे बसून दोन-तीन तास तारा छेडणाऱ्या शिष्याचे नाव अनेकदा घेतलेही जात नाही. घाव झाकण्याचा आणि घाव घालणाऱ्याला विसरण्याचा दोष यंत्राबरोबर आला, असे म्हणणे परंपरेला अकारण निर्दोष ठरविणे होईल. फरक इतकाच की तो शिष्य श्रोत्यांच्या समोर बसलेला असतो.

या दृष्टीने अखंड हरिनाम सप्ताहातील वीणेचा पहारा अधिक बोलका आहे. मावळातील गावांतही तो पाहावयास मिळतो. सात दिवस वीणा खाली ठेवावयाची नाही, हा दंडक. एकाने उभे राहून ती वाजवावी, पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात घालावी. मध्यरात्रीच्या पहाऱ्याला पेंगणारा शेतकरी लय सोडतो, पुन्हा धरतो. स्वर कधी क्षीण होतो. येथेही अखंड स्वर आहे, पण त्याची अखंडता माणसांच्या पाळ्यांनी बनलेली आहे आणि ती पाळी बदलताना सर्वांच्या देखत बदलते. संगणकात एका तुकड्याची टोके जुळवून केलेल्या आवर्तनात कोणाचीच पाळी नसते. अखंडतेमागे कोणाचे तरी जागरण असते, हे वीणेचा पहारा सांगतो. जुळवलेले आवर्तन ते विसरावयास लावते.

६

मग खंडाळ्याच्या रचनाकाराने काय करावे? प्रत्येक भोंगा, प्रत्येक ब्रेकची कर्कश ओढ जशीच्या तशी ठेवावी, अशी मागणी भाबडी ठरेल. मायक्रोफोन कोठे ठेवला, येथपासूनच निवड सुरू होते. शिवाय सर्वच घाव ध्वनीत सापडत नाहीत. खंडाळ्याच्या दक्षिणेस मुळशीचे धरण आहे. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी बांधलेल्या त्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. गावे मात्र बुडालीच. आज त्या जलाशयाच्या काठी अत्युत्तम यंत्राने मुद्रण केले तरी लाटेचे चुबकणेच ऐकू येईल. सत्यनिष्ठ मुद्रणही तेथे मुके असते. अशा ठिकाणी ध्वनीला शब्दाची जोड घ्यावी लागते, आणि साहित्यविचाराचा या प्रश्नाशी संबंध येतो तो येथे.

कार्ल्याच्या चैत्यगृहाचे उदाहरण घेता येईल. त्या विशाल शिलागृहाचा घुमारा मुद्रणासाठी कोणालाही मोहविणारा आहे. पण चैत्याच्या तोंडाशीच एकवीरेचे देऊळ आहे. तेथे कोळी भाविकांची रीघ, घंटा, नारळ फुटण्याचे आवाज, मुलांची रडारड. शुद्ध घुमारा हवा असलेला मुद्रक ही माणसे निघून जाण्याची वाट पाहतो. त्याला जे मिळते ते दोन हजार वर्षांपूर्वीचे मौन नव्हे. तेथे तेव्हाही भिक्षूंचे पठण आणि उपासकांची वर्दळ असणार. त्याला मिळते ती केवळ आजची माणसे वजा केलेली आजची गुहा. त्याऐवजी त्याने नारळाचा एक घाव राहू दिला आणि त्या घावाचे अनुरणन शिलास्तंभांमधून कसे जाते ते श्रोत्याला ऐकू दिले, तर आनंदवर्धनाने सांगितलेला क्रम पुन्हा प्रस्थापित होईल. घुमारा तेवढाच खोल राहील, पण त्याला मायबाप असतील.

खंडाळ्याच्या रचनेकडूनही यापेक्षा अधिक मागता येत नाही, आणि कमी मागू नये. पाऊस असावा, कस्तुराची शीळ असावी, खाली अखंड स्वरही असावा. मात्र तो स्वर मध्ये कोठेतरी मागून रेटणाऱ्या इंजिनाच्या घरघराटाशी भिडावा आणि त्या क्षणी किंचित बेसूर ठरावा. त्या बेसुरात ऐकणाऱ्याला कळेल की ही दरी कोणीतरी खोदलेल्या वाटेने त्याच्यापर्यंत आली आहे. तेवढ्याने विसावा मोडत नाही. ज्याच्या श्रमावर तो घेतला जात आहे, त्याचीही पाळी ऐकू येते, इतकेच.