खऱ्या रायफलीवरचा खोटा शिक्का

दोन रायफली समोर ठेवू. पहिली आज पाकिस्तानात असलेल्या दर्रा आदमखेलच्या कारागिरानं हातानं घडवलेली, ब्रिटिश ली-एन्फिल्डची नक्कल. इंग्रजी न येणाऱ्या हातानं अक्षरं ठोकलेली, त्यामुळे कधी रोमन 'एन' उलटा, कधी 'एन्फिल्ड'चं स्पेलिंगच चुकलेलं. कधी व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं आणि खाली १९०१ नंतरचं साल, म्हणजे राणी वारल्यानंतरचं.

दुसरी अस्सल. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली. फक्त तिच्यावर एखाद्या नामांकित पलटणीचा किंवा संस्थानाचा शिक्का अलीकडे कुणीतरी मारलाय. परदेशात जुन्या लष्करी रायफली जमवणाऱ्यांचा बाजार आहे आणि अशा शिक्क्यानं तिथे किंमत वाढते.

यातली जास्त खोटी कोणती?

धातूच्या हिशेबानं पहिली. नैतिक हिशेबानं मात्र मला दुसरी जास्त खोटी वाटते. दर्राच्या कारागिरासाठी ती अक्षरं बंदुकीच्या आकाराचाच एक भाग होती. दुसऱ्या माणसाला अक्षरांचा अर्थ नेमका कळतो, आणि तो अर्थच त्याला विकायचा असतो.

म्हणून त्याला पकडणंही अवघड. पंच ठोकला की धातू बाजूला सरकतो आणि अक्षराच्या कडेला बारीक उंचवटा येतो. यंत्रानं कोरलं तर धातू निघून जातो, तसा उंचवटा दिसत नाही. आजूबाजूचा भाग झिजलेला आणि अक्षरांच्या कडा तेवढ्या धारदार असतील, तर शंका घ्यावी. जुना आकडा घासून काढला असेल तर तिथे उथळ खळगा राहतो, तो तिरप्या उजेडात दिसतो. बोल्टवरचा आणि रिसीव्हरवरचा नंबर जुळतो का, हेही बघतात. पण न जुळणं म्हणजे फसवणूकच असं नाही; दुरुस्तीत लष्करानंही भाग बदललेले असतात. खरा इतिहास बऱ्याचदा विस्कळीत असतो. नीटनेटकेपणाची घाई खोटं बोलणाऱ्याला असते.

यावर कुणी म्हणेल, रायफल तीच, घेणारा खूश, मग बिघडलं कुणाचं? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तिथलं उदाहरण देतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये कुणी मागाहून एक ओळ घुसवली, तर सर्व्हर खोटा ठरत नाही. पण त्या लॉगमधली बाकीची प्रत्येक ओळ संशयित होते. खोट्या शिक्क्याचा पहिला बळी गिऱ्हाईक नसतं, खरे शिक्के असतात.

भारतात .३०३ ही प्रतिबंधित बोअरची रायफल. हा छंद आपल्या आवाक्यातला नाही. मग लातूर-नांदेडच्या माणसानं याचा विचार का करावा? कारण आपल्याकडचा १९४८ चा इतिहास अजूनही अशाच साक्षींवर तोललेला आहे. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातुरात वकिली करायचा. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकानं त्याच वर्षी विमानांनी हैदराबाद संस्थानात चोरून शस्त्रं पोचवली. सप्टेंबरातल्या पोलीस कारवाईनंतर जो हिंसाचार झाला, त्यात सुंदरलाल समितीनं २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज केला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत नांदेड होता आणि उस्मानाबादही. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

आता समजा, कुणी एखाद्या जुन्या बंदुकीवर निजामाच्या फौजेचा शिक्का ठोकला आणि 'ही अमक्या गावातल्या रझाकाराची' असं सांगितलं. तो एका गावावर, कदाचित एका घरावर, साक्ष देतोय. ज्यांच्याबद्दल देतोय ते उलटतपासणीला हयात नाहीत. रझाकारांनी ज्यांना छळलं त्यांची खरी गोष्टही यानं उद्या कुणी हसण्यावारी नेईल, आणि नंतर जे मारले गेले त्यांचीही.

शिक्क्याशिवाय वस्तूला साक्ष देता येते का? येते. नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिबमध्ये गुरू गोबिंदसिंगजींची म्हणून जी शस्त्रं जपली आहेत, त्यांच्यावर काय कोरलंय हे भाविक विचारत नाहीत. दिवाळीच्या सुमाराला गोदावरीच्या पाण्यानं ती स्वच्छ केली जातात. तिथला विश्वास सांभाळणाऱ्या हातांच्या परंपरेवर उभा आहे. शिक्का एका दुपारी मारता येतो, सांभाळ तसा बनवता येत नाही.

शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ८ मध्ये बंदुकीवरचं ओळखचिन्ह पुसणं, बदलणं आणि बनावट चिन्ह करणं या सगळ्याला एकाच वाक्यात मनाई आहे. कायद्याचा हेतू वेगळा असेल, पण ती मांडणी मला पटते. पुसणारा साक्षीदाराला गप्प करतो, बनावट चिन्ह मारणारा त्याच्या तोंडी आपले शब्द घालतो.

घरात आजोबांची म्हणून एखादी तलवार असेल, जुना पट्टा किंवा बिल्ला असेल, तर तो कुणी दिला, कुणी सांगितलं, एवढं कागदावर लिहून ठेवा. जिथे माहीत नाही, तिथे 'माहीत नाही' असंच लिहा. पुढे वाचणाऱ्याला त्या दोन शब्दांमुळेच बाकीच्या ओळी खऱ्या वाटतील.