परक्या हातची चव

स्वयंपाकाच्या दरवळानें प्रेम जुळतें अशा कादंबऱ्यांचा अलीकडे इंग्रजींत मोठा सुकाळ झाला आहे, आणि त्यांतील पुष्कळशा इटलींत घडतात. रोमची एखादी गल्ली, परदेशांतून आलेली तरुणी, ऑलिव्हचें तेल, आमच्या तुळशीच्या कुळांतील बेझिलचीं पानें आणि एक देखणा तरुण, एवढें साहित्य जमलें कीं ग्रंथ सिद्ध होतो! आमच्या एका स्नेह्यांच्या कन्येनें अशांपैकींच एक पुस्तक आम्हांस आणून दिलें, तेव्हां आम्ही तें थोड्या अनिच्छेनेंच हातीं घेतलें, हें कबूल केलें पाहिजे. परंतु त्यांत एक प्रश्न असा निघाला कीं, तो मनांतून जाईना.

तें पुस्तक म्हणजे अँथनी कॅपेला यांची 'द फूड ऑफ लव्ह' (२००४) ही कादंबरी. टोमासो हा रोममधील एका उपाहारगृहांतला वाढपी. लॉरा नांवाच्या अमेरिकन विद्यार्थिनीस वश करण्याकरितां तो आपण बल्लव असल्याची थाप मारतो, आणि रांधण्याचें काम आपला लाजाळू मित्र ब्रूनो याच्या गळ्यांत घालतो. ब्रूनो पडद्याआड राहून एकाहून एक सरस पदार्थ करतो. लॉरा ते खाते, आणि प्रेम मात्र टोमासोवर करते. रोस्ताँच्या 'सिरानो द बेर्जराक' (१८९७) नाटकांतील प्रेमपत्रांच्या जागीं येथें पक्वान्नें आलीं, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. शेवट सांगून आम्ही कोणाचा रसभंग करीत नाहीं.

ब्रूनोनें लॉरेस फसविलें काय? कोणी म्हणेल कीं, तिच्या ताटांत खोटें कांहींच नव्हतें; जिन्नस खरे, श्रम खरे, करणाराचें मनहि खरें. सिरानोच्या पत्रांतहि सही तेवढी खोटी होती. परंतु पत्र पुन्हां वाचतां येतें, शंका आल्यास ताडून पाहतां येतें. घास हा विश्वासानेंच घ्यावा लागतो. जें आपल्या देहाचा भाग व्हावयाचें, तें कोणाच्या हातचें आहे हें जाणण्याचा अधिकार खाणारास असलाच पाहिजे. ज्या समाजांत 'कोणाच्या हातचें खावें' या एका प्रश्नावरून पिढ्यान् पिढ्या अन्याय झाले, त्यांत हें विधान जपूनच करावें लागतें, याची आम्हांस जाणीव आहे. पण जातीची विचारपूस निराळी आणि माणसाची ओळख निराळी.

याहून कठीण प्रसंग बोकाच्चोनें साडेसहाशें वर्षांपूर्वींच रंगवून ठेविला आहे. 'डेकामेरॉन'मधील पांचव्या दिवसाची ती नववी गोष्ट. (त्या काळच्या इटलींत टोमॅटो नव्हता, तो अमेरिकेंतून यावयाचा होता. तरी प्रेम आणि जेवण यांची जोडी तेथें होतीच.) फेदेरिगो हा फ्लॉरेन्सचा तरुण जोव्हान्ना या विवाहित स्त्रीच्या नादीं लागून मेजवान्यांत आणि खेळांत सर्वस्व घालवितो, ती त्याच्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. उरतें एक लहानसें शेत आणि एक उत्तम ससाणा. पुढें ती विधवा होते. तिचा आजारी मुलगा त्याच ससाण्याचा हट्ट धरतो, म्हणून ती मनाविरुद्ध फेदेरिगोच्या दारीं येते आणि म्हणते, मी आज तुमच्याकडे जेवणार. घरांत दाणा नाहीं, गांठीं पैसा नाहीं. तो ससाण्याची मान मुरगळतो आणि तोच भाजून तिच्यापुढें ठेवितो. जेवण झाल्यावर ती मागणें मागते. त्यानें मग पिसें, पाय आणि चोंच तिच्यापुढें टाकलीं.

ही गोष्ट आम्ही विद्यार्थिदशेंत वाचली तेव्हां केवळ फेदेरिगोच्या त्यागानेंच भारावून गेलों होतों. आतां उतरत्या वयांत ती पुन्हां वाचतांना निराळें दिसतें. फेदेरिगोहि गप्पच राहिला. ब्रूनोनें देणारा लपविला, यानें दानाची किंमत लपविली. आणि जोव्हान्ना? आल्याबरोबर मागणें अशिष्ट दिसेल म्हणून तिनें तें जेवणानंतरवर ढकललें. दोघांपैकीं एकानेंहि शिष्टाचार थोडा बाजूस ठेवला असता, तर पक्षी वांचता. मुलगा वांचता कीं नाहीं, हें बोकाच्चोनेंहि सांगितलेलें नाहीं; तो निराशेनें गेला कीं दुखण्यानें, हें तो मोघमच ठेवितो. पुढें जोव्हान्ना फेदेरिगोशींच लग्न करते. पण ज्या घासाची किंमत आपल्या मुलाच्या अखेरच्या इच्छेंत मोजली गेली, तो घास तिला पुढल्या संसारांत कधींच आठवला नसेल काय?

या गप्प राहण्यास अपवाद इटलींतच सांपडतो. पेल्लेग्रीनो आर्तुसी या अविवाहित गृहस्थानें १८९१ सालीं स्वखर्चानें एक पाकशास्त्र छापलें. पहिल्या आवृत्तींत ४७५ कृति होत्या, त्या वाढत ७९० झाल्या. पदार्थ करून पाहणारे हात मुख्यत्वें फ्रांचेस्को आणि मारिएत्ता या त्याच्या घरच्या माणसांचे होते. आर्तुसीनें एका गोड पावास मारिएत्तेचें नांव दिलें, आणि १९११ सालीं तो वारला तेव्हां पुस्तकाचे हक्क मृत्युपत्रानें त्या दोघांस देऊन गेला.

पुस्तक परत करतांना आम्ही स्नेह्यांच्या कन्येस विचारलें, या सर्वांत तुला कोणाचा पक्ष घ्यावासा वाटतो? ती म्हणाली, "काका, तो ससाणा सोलून भाजला कोणीं?" आम्ही घरीं येऊन पुन्हां पाहिलें. फेदेरिगोच्या एका मोलकरणीनें. ताटांत काय आहे हें त्याच्याखेरीज तिलाच ठाऊक होतें. बोकाच्चोनें तिचें नांव दिलेलें नाहीं.