अक्षहृदय

पोळा जवळ आला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्यापासून वणीपर्यंत, बैलांच्या शिंगांना रंग चढू लागतो आणि त्याच सुमारास कित्येक गावांतून पत्त्यांचे फडही बसतात; मग छाप्याची, पंचनाम्याची व जप्त मुद्देमालाची हकीकत वर्तमानपत्रात ठरलेल्या शब्दांत येते. या वहिवाटीचा निषेध करताना आपण असे धरून चालतो की जुगारी मनुष्य आळशी, दैवावर विसंबणारा आणि बुद्धीने मंद असतो. हे गृहीत खोटे आहे, आणि म्हणूनच आपला उपदेश फडावर बसणाऱ्याच्या मनाला स्पर्श करीत नाही.

पोकर या खेळातील स्टू अंगर याचे चरित्र पाहावे. १९५३ साली न्यूयॉर्क शहरात जन्मलेला हा मनुष्य कोवळ्या वयातच जिन रमीत इतका निष्णात झाला की पुढे त्याच्यासमोर बसावयास प्रतिस्पर्धी मिळेनासे झाले, आणि तो पोकरकडे वळला. लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेचा मुख्य डाव त्याने १९८० व १९८१ अशी लागोपाठ दोन वर्षे, आणि मध्ये सोळा वर्षे लोटल्यावर १९९७ मध्ये पुन्हा जिंकला. त्याची रीत आक्रमक होती. सामान्य खेळाडू चांगली पाने येण्याची वाट पाहतो आणि तोवर दुसऱ्याने लावलेल्या रकमेइतकीच रक्कम लावून डावात टिकून राहतो; अंगर मात्र पाने बलवान असोत वा दुर्बळ, रक्कम वाढवीत जाई, आणि समोरच्याच्या मुद्रेवरून, हाताच्या चाळ्यांवरून, मागील डावांच्या स्मरणावरून त्याचे भय हेरून अशा नेमक्या क्षणी हूल देई की अधिक चांगली पाने हाती असलेला मनुष्यही ती टाकून मोकळा होई. यात दैवाचा अंश होताच. परंतु स्मृती, गणित, परचित्तज्ञान आणि निर्भयता यांचा अंश त्याहून मोठा होता, आणि या गुणांना गुण म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

१९९७ च्या विजयाचे पारितोषिक दहा लक्ष डॉलरचे होते. प्रवेशाची रक्कम एका स्नेह्याने भरलेली असल्यामुळे त्यातील अर्धा वाटा त्या स्नेह्याचा. उरलेला अर्धा घोड्यांच्या शर्यती, इतर खेळांवरील पैजा आणि मादक द्रव्ये यांत काही महिन्यांत संपला. २२ नोव्हेंबर १९९८ रोजी लास व्हेगासच्या एका स्वस्त मोटेलमधील खोलीत तो मृतावस्थेत आढळला. वय पंचेचाळीस. अंत्यविधीसाठी मित्रांना वर्गणी काढावी लागली. मागे एक मुलगी राहिली.

या ठिकाणी मला विदर्भकन्या दमयंतीची आठवण होते, जिचे माहेर वर्धेच्या काठचे कौंडण्यपूर असे आपली परंपरा सांगते. महाभारतातील नलोपाख्यानात तिचा पती नल आपला भाऊ पुष्कर याच्याशी फाशांनी खेळताना राज्य हरतो. शेवटी पुष्कर दमयंतीला पणास लावण्याविषयी सुचवितो, तेव्हा नल दुःखाने व संतापाने भरून, एक शब्दही न बोलता, एका वस्त्रानिशी नगराबाहेर पडतो. पुढे ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडावरील पाने व फळे क्षणार्धात मोजून दाखवितो आणि अश्वविद्येच्या मोबदल्यात नलाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे गणित, शिकवितो. इथवरची कथा सर्वांच्या परिचयाची. परंतु विद्या हस्तगत झाल्यावर नल निषध देशी परततो, पुष्कराला पुन्हा खेळावयास बोलावतो, आणि या वेळी आपल्या संपत्तीबरोबर दमयंतीलाही स्वतःच पणास लावतो. निघताना त्याने श्वशुर भीमराजाचा निरोप घेतला असे आख्यानकार सांगतो; दमयंतीला विचारल्याचा उल्लेख मला आढळत नाही. नल जिंकला, पुष्कराला त्याने क्षमा केली, त्याचा वाटाही त्याला दिला, हे सर्व थोर आहे. तरीही अज्ञानी असताना जी मर्यादा त्याने सर्वस्व गमावूनही राखली, ती ज्ञानी झाल्यावर त्याने ओलांडली, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. कौशल्याने माणसाचा हात चालतो खरा, पण आपण हरणारच नाही या विश्वासापायी दुसऱ्याच्या जिण्यालाही तो आपलेच धन समजू लागतो.

महाराष्ट्रात लागू असलेला १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो, आणि त्या भेदावर न्यायालयांतून पुष्कळ खल झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांना मनाई करताना कौशल्य की दैव हा भेदच बाजूस ठेवला. मला हे योग्य वाटते. प्रश्न खेळाच्या जातीचा नसून पणाच्या मालकीचा आहे.

शेतीलाही आपल्याकडे सर्रास जुगार म्हटले जाते, ते मला मान्य नाही. राळेगाव-घाटंजीकडचा कास्तकार पावसाआधी कोरड्या मातीत कपाशीची धूळपेरणी करतो, तेव्हा त्याचे साहसही आक्रमकच असते. पण त्याला पाने टाकून उठण्याची मुभा नसते, आणि बियाण्यासाठी गहाण पडलेला दागिना कोणाचा हे घरातील प्रत्येकास ठाऊक असते. फडावर, किंवा अंधाऱ्या खोलीत मोबाइलवर, लावलेली रक्कम मात्र बहुधा घरापासून लपविलेली असते. म्हणून पोळ्याला फडावर बसणाऱ्या माझ्या जिल्ह्यातील बांधवांना एवढीच कळकळीची विनंती, की खिशातील रक्कम घेऊन निघण्यापूर्वी ती घरातील कर्त्या स्त्रीसमोर मोजून ठेवावी, कशासाठी नेतो ते तिला सांगावे, आणि ती नको म्हणाली तर त्या दिवशी घरीच राहावे.