सवयीची हवा

गेल्या दिवाळीनंतर फुलंब्री तालुक्यांत एका स्नेह्यांकडे गेलों असतां, सरकी काढण्याचा एक कारखाना पाहण्याचा आम्हांस योग आला. बाहेर स्वच्छ कार्तिकी ऊन होतें. आंत पत्र्याच्या छपराखालीं रुईचे तंतू असे उडत होते कीं, समोरचें माणूस धुक्यांतून दिसावें तसें दिसे. कामकरी बायांनीं पदरानें नाक-तोंड गुंडाळलें होतें. व्यवस्थापक मात्र यंत्र घेऊन कापसांतला ओलावा मोठ्या काळजीनें मोजीत होते. या हवेचें काय, असें विचारतां ते सौजन्यानें म्हणाले, "त्यांना सवय आहे, सर."

या 'सवय' शब्दाचाच थोडा विचार करूं.

कारखान्यांतील हवा निसर्गदत्त नसते. ती घडविलेली असते. कोरड्या हवेंत सूत तुटतें, म्हणून मुंबईच्या गिरण्यांतून वाफ सोडून हवा दमट राखीत. सुताच्या प्रकृतीस काय मानवतें, हें धन्यास पुरतें ठाऊक होतें. उणीव ज्ञानाची नव्हती. तें कोणासाठीं वापरावें, एवढाच प्रश्न होता. तंतू पिंजणाऱ्यांच्या खोकल्याची नोंद इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्यानें १७०० सालींच केली होती.

शिवाय सवय ही साक्षीदार म्हणूनही भरंवशाची नाहीं. कापसाच्या धुळीनें होणाऱ्या बिसिनोसिस या विकाराचें लक्षण असें कीं, आठवड्याच्या सुटीनंतर कामावर येतांच पहिल्या दिवशीं छाती अधिक आवळते. पुढें कांहीं दिवस बरें वाटतें. त्या बरें वाटण्यासच आपण सवय म्हणतों. रोग मात्र आंत वाढत असतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनीं १८९० सालीं गिरणीकामगारांस रविवार मिळाला. रविवारीं श्वास मोकळा झाला. पण सोमवारची हवा तीच राहिली.

यावर कोणी म्हणतील, त्या बाया खुषीनें येतात. त्यांस शुद्ध हवेपेक्षां मजुरीची निकड अधिक आहे. हें खरें आहे, आणि हंगाम बुडाला तर चूल विझते, हेंही खरें. परंतु भूक व धूळ यांतून एक निवडणें, यास संमति म्हणतां येईल काय? मजुरीनें श्रम विकत घेतां येतात, फुप्फुसें नव्हेत. १९४८ च्या कारखाने कायद्यानें वायुवीजन, धूळ व उष्णता यांविषयीं धन्यावर स्पष्ट जबाबदारी टाकली, तिचें मर्म हेंच.

निघतांना व्यवस्थापकांनीं आम्हांस आपल्या खोलीत चहासाठीं नेलें. खोलीस कांचेचें दार होतें, आणि तें ते तत्परतेनें लावून घेत. सवय ही इतकी सोपी गोष्ट असती, तर त्यांनीं ती स्वतःस कां लावून घेतली नाहीं? आम्हीही त्या बंद दाराआड निमूटपणें चहा घेतला, आणि अंगांत सुती सदरा होता, हें येथें नमूद केलेंच पाहिजे.