बॉम्ब सुटला की गोष्ट संपली?

२०२५च्या जूनमध्ये अमेरिकेची ७ बी-२ विमानं मिसुरीतून निघाली, इराणच्या फोर्दो आणि नतांझवर १४ महाबॉम्ब टाकून घरी परतली. जाऊन-येऊन ३७ तास. तेव्हापासून आमच्या सोलापुरातही शौर्याला पूर आला आहे. एका ज्येष्ठ वक्त्यांनी व्याख्यानात ठोकून दिलं की, आपल्या काळातलं सर्वांत मोठं धाडस ते हेच. टाळ्या पडल्या. साखर कारखान्याची एक चिमणी विमानांना आडवी येते की नाही यावर जे गाव वर्षानुवर्षं भांडलं, आणि २०२३ मध्ये ती पाडल्यावर कुठे ज्याला गोव्याचं विमान मिळालं, त्या गावाला ३७ तासांचं अप्रूप वाटणारच. टाळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. वक्त्यांबद्दल आहे.

लांब पल्ल्याची बॉम्बफेक हा आधी तेलाचा जमाखर्च असतो. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ विमानं बंगालमधल्या खरगपूरहून हिमालय ओलांडून चेंगडूला जात आणि तिथून जपानवर. चेंगडूच्या धावपट्ट्या लाखो चिनी शेतकऱ्यांनी दगड फोडून, दगडी रूळ ओढून केलेल्या. जपानवरच्या एका फेरीपुरतं तेल तिथे साठवायचं तर आधी हिमालयावरून अनेक फेऱ्या. आणि हा खटाटोप चालला होता तो आदल्याच वर्षी दुष्काळाने माणसं रस्त्यात मेली त्या बंगालमधून! शौर्यकथांत हे हमाल आणि शेतकरी कधी येत नाहीत.

वक्त्यांच्या बाजूने सर्वांत भक्कम उदाहरण मीच देतो, कारण त्यांनी ते दिलं नाही. १९८२, ब्रिटन-अर्जेंटिनाचं फॉकलंड युद्ध. असेन्शन बेटावरून पोर्ट स्टॅन्लीची धावपट्टी फोडायची. एकेरी अंतर ६,००० किलोमीटरच्या वर. एका व्हल्कन विमानाला तेल पाजायला ११ व्हिक्टर टँकर. टँकरने टँकरला तेल द्यायचं, रिकामा होईल त्याने मागे फिरायचं. ज्या विमानाने जायचं ठरलं होतं त्याच्या केबिनमध्ये हवेचा दाबच टिकेना, म्हणून राखीव विमानाचे मार्टिन विदर्स पुढे गेले. व्हल्कनने अंदाजापेक्षा जास्त तेल जाळलं. शेवटच्या टँकरचे वैमानिक बॉब टक्सफर्ड यांनी स्वतःच्या परतीचं तेलही त्याला देऊन टाकलं. आता त्यांना असेन्शन गाठता येणार नव्हतं. खाली समुद्र. मदत मागावी तर मोहिमेचा सुगावा लागायचा. बॉम्ब पडल्याचा संकेत येईपर्यंत ते गप्प राहिले, मगच दुसरा टँकर मागवला. २१ बॉम्बपैकी धावपट्टीवर पडला एक.

टक्सफर्ड यांचं ते गप्प राहणं जमाखर्चात बसत नाही. ते धाडसच. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडने महायुद्धात ५५,००० हून अधिक माणसं गमावली. त्यांना कुणी जमाखर्चाचे कारकून म्हणू नये. तेव्हा धाडसाचा मुद्दा वक्त्यांना बहाल. भांडण उरतं ते एवढंच, की गोष्ट थांबवायची कुठे? विमान सुखरूप उतरलं की आपले वक्ते पाणी पितात. बॉम्ब जिथे पडला तिथे गोष्ट नुकती सुरू झालेली असते.

आणि ती सोलापूरकराला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. १९३८च्या सप्टेंबरात काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनला पाच डॉक्टर पाठवले. त्यांत आमचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. मुंबईहून जहाजाने कॅन्टन, पुढे हांकौ. तिथे त्यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले. ऑक्टोबरअखेर हांकौ जपानच्या हाती गेलं, आणि ज्या शहरात हे डॉक्टर जखमा शिवत होते तेच जपानी बॉम्बफेकी विमानांचा तळ झालं. तिथून चीनची युद्धकालीन राजधानी चोंगकिंग सुमारे ७५० किलोमीटर. इतक्या लांब सोबत करील असं लढाऊ विमान १९४० पर्यंत जपानकडे नव्हतं. वैमानिक संरक्षणाविना जात, मरतही. धाडस इथेही होतंच, मान्य. खाली १९३९च्या मेमधल्या दोन दिवसांत हजारो माणसं जळाली.

कोटणीस चोंगकिंगहून येनानला गेले. बॉम्बहल्ल्यांमुळे तिथली माणसं डोंगरातल्या गुहांत राहायला गेली होती. पुढे आघाडीजवळच्या खेड्यांत शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने तिथेच गेले. परतीचं तेल त्यांनीही देऊन टाकलं होतं.

शहरांवर बॉम्ब टाकले की लोकांचा धीर सुटतो आणि सरकार गुडघे टेकतं, असं जुलिओ दुए या इटालियन सेनानीने १९२१ मध्ये मांडलं. बॉम्ब पडला की गोष्ट संपली, हे आमच्या वक्त्यांचं गृहीतक, नाव न घेता, त्याच्याकडूनच उसनं आणलेलं. त्याचं उत्तर पुस्तकात शोधायला नको. १९३८ ते १९४३ अशी पाच वर्षं चोंगकिंगवर बॉम्ब पडले, आणि चोंगकिंग शरण गेलं नाही.