खंडपट : स्तनच्छेदनानंतरच्या देहाचा नैतिक प्रश्न

१

मराठीतील 'अंग' हा शब्द एकाच वेळी दोन दिशांना पाहतो. संस्कृतात त्याचा प्रमुख अर्थ अवयव, म्हणजे पूर्णाचा भाग. मराठीत मात्र 'अंग दुखते', 'अंगात ताप आहे' असे म्हणताना तोच शब्द सबंध शरीराचा वाचक होतो. आणि 'बाळ अंगावर पिते' या प्रयोगात तो पुन्हा एका विशिष्ट अवयवापाशी येऊन थांबतो. त्या अवयवाचे नाव तेवढे उच्चारले जात नाही. ज्या भागाचे नाव घ्यायचे नाही त्याला सबंध देहाचे नाव द्यावे, अशी ही भाषिक सोय आहे. परंतु सोयीच्या पोटात एक धारणाही दडलेली असते. स्त्रीच्या बाबतीत हा भाग म्हणजेच पूर्ण, असे भाषेने नकळत मान्य केलेले असते. 'व्यंग' आणि 'अव्यंग' हे शब्द याच 'अंगा'तून निघतात. ज्याचे अंग गेले ते व्यंग. आणि व्यंग म्हणजे केवळ उणीव नव्हे, तर दोष.

कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या स्त्रीचे 'बरे होणे' म्हणजे काय, हा प्रश्न या शब्दव्यवस्थेच्या आत उभा राहतो. वैद्यकापुरते त्याचे उत्तर बऱ्याच अंशी निश्चित आहे : जखम भरली, रोग परतला नाही, हात पूर्वीसारखा वर जातो. परंतु त्यानंतर जो प्रश्न विचारला जातो तो वैद्यकाचा उरत नाही. गेलेल्या स्तनाच्या जागी नवा आकार घडवावा का? घडवला तर ती 'पूर्ववत' होते का? घडवला नाही तर ती अपुरी राहते का? 'बरे होणे' आणि 'पूर्ववत होणे' या दोन क्रियापदांत मराठीने ठेवलेले अंतर प्रत्यक्ष व्यवहारात पुसले जाते आणि दुसरे पहिल्याची अट बनते. ही अट नैतिकदृष्ट्या समर्थनीय आहे काय, एवढाच येथे विचाराचा विषय आहे.

२

या अटीला इतिहास आहे. विल्यम हॉल्स्टेड याने १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथीही एकसंध काढल्या जात. जितके अधिक काढावे तितका रोग निर्मूल होईल, या तर्काने सुमारे पाऊण शतक शल्यचिकित्सेवर राज्य केले. बर्नार्ड फिशर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक चाचणीने, रोग प्राथमिक अवस्थेत असेल तर केवळ गाठ काढून किरणोपचार दिल्यानेही रुग्णांच्या जगण्यात उणेपणा येत नाही, हे दाखवून दिले. म्हणजे कित्येक स्त्रियांनी गमावलेले अंग अनिवार्यतेपेक्षा एका सिद्धांताच्या प्रतिष्ठेपायी गेले होते. छेदनाच्या या अतिरेकाबरोबर रचनेची गरजही निर्माण झाली. १९६२ साली टेक्सासमधील ह्यूस्टन येथे सिलिकोनचे पहिले स्तनरोपण झाले. १९९२ साली अमेरिकेत त्याच्या वापरावर निर्बंध आले आणि २००६ साली ते उठले. १९९८च्या अमेरिकी कायद्याने, स्तनच्छेदनाचा खर्च देणाऱ्या विमा योजनांवर पुनर्रचनेचा खर्चही बंधनकारक केला; इतकेच नव्हे, तर दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून निरोगी स्तनावर कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियेचाही. सममिती येथे कायद्याने हक्क म्हणून मान्य केली.

या हक्काचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही त्याच्या मुळाशी असलेली कल्पना तपासायला हवी, आणि त्यासाठी एक जुनी घटना उपयोगी पडते. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचे वर्णन छापून आले. टिपूच्या कैदेत नाक कापल्या गेलेल्या, इंग्रजी सैन्याच्या कावसजी नामक गाडीवानाला येथील एका वैद्याने कपाळाच्या त्वचेतून नवे नाक करून दिले होते. मूळ जागेशी जोडलेला त्वचेचा तुकडा वळवून दुसरीकडे बसवायचा, हे त्या शस्त्रक्रियेचे तत्त्व आज पाठीचा किंवा पोटाचा भाग वळवून स्तन घडवताना निराळ्या रूपात वापरले जाते. पण साम्य तंत्रापुरते नाही. नाक कापणे ही शिक्षा होती. 'नाक कापले गेले' हा वाक्प्रचार अब्रूचा आहे. त्यामुळे नाक परत मिळणे म्हणजे अब्रू परत मिळणे होते, अन्यायाचे परिमार्जन होते. कर्करोग ही कुणी दिलेली शिक्षा नव्हे. तरीही स्तनाच्या पुनर्रचनेकडे पाहताना जणू अब्रूच गेली होती आणि ती भरून काढायची आहे, ही नाकाची नीती स्तनाला लावली जाते. गमावणे आणि नाचक्की होणे यांतील भेद येथे हरवतो.

३

हा भेद साहित्यात ज्यांनी प्रखरपणे मांडला त्यांत ऑड्री लॉर्ड या कृष्णवर्णी अमेरिकी कवयित्रीचे स्थान वेगळे आहे. १९७८ साली तिचा उजवा स्तन काढण्यात आला आणि १९८० साली 'द कॅन्सर जर्नल्स' प्रसिद्ध झाले. रुग्णालयात तिला धीर द्यायला आलेली स्वयंसेविका लोकर भरलेली, फिकट गुलाबी रंगाची स्तनाच्या आकाराची गादी घेऊन आली होती. तो रंग लॉर्डच्या त्वचेचा नव्हता. पुढे ती गादी न वापरता डॉक्टरकडे गेली असता, अशाने इथल्या इतर रुग्णांचे मनोधैर्य खचेल, असे तेथील परिचारिकेने तिला सुनावले. लॉर्ड या प्रसंगाजवळ इस्रायलचा सेनानी मोशे दायान याचे उदाहरण ठेवते. त्याच्या डोळ्यावरील काळ्या पट्टीबद्दल, काचेचा डोळा बसवून घे, असे त्याला कुणी सांगत नाही. ती पट्टी युद्धाची खूण म्हणून मान पावते. स्त्रीच्या छातीवरची खूण मात्र झाकायची असते.

या युक्तिवादाचा गाभा उपमेत नाही, त्यामागील प्रश्नात आहे : ही रचना कुणासाठी? शस्त्रक्रियेनंतरच्या देहाचा तपशील पाहिला म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य उमगते. जखमेतील स्राव वाहून नेणाऱ्या नळ्या काही दिवस अंगाला जोडलेल्या असतात. काखेतील ग्रंथी काढल्या असतील तर केस विंचरण्यापुरता हात वर नेणेही नव्याने शिकावे लागते, आणि तो हात सुजण्याची धास्ती पुढे वर्षानुवर्षे राहते. पुनर्रचना हवी असेल तर कित्येकदा छातीत बसवलेली पिशवी आठवड्यांच्या अंतराने मिठाच्या पाण्याने फुगवत त्वचा ताणली जाते आणि मग तिच्या जागी रोपण होते. तेही आजन्म टिकेलच असे नाही. स्वतःच्या पोटाचा किंवा पाठीचा भाग वापरला तर देहावर दुसरी जखम होते. या सगळ्यानंतर जो आकार सिद्ध होतो तो दिसतो. पण बहुधा तो जाणवत नाही. मज्जातंतू छेदले गेल्याने स्पर्शाची संवेदना पुष्कळदा परत येत नाही, आली तर अंशतः येते. मुलाने मिठी मारली तर मुलाला ते अंग लागते. आईला त्या जागी केवळ दाब कळतो, किंवा तोही कळत नाही.

पाहिला जाणारा देह आणि अनुभवला जाणारा देह यांतली ही फट पुनर्रचनेने बुजत नाही. उलट ती तेथेच सर्वांत स्पष्ट होते. पाहणाऱ्याला जे परत मिळाले ते जगणारीला परत मिळालेले नसते. अशा वेळी 'आता सगळे ठीक झाले' हे वाक्य पाहणाऱ्याचे असते. ते तिच्या तोंडून वदवून घेणे हा सौजन्याच्या वेषातील बळजोरीचा एक प्रकार आहे.

४

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्बल नाही. पुनर्रचना नाकारणे हेच प्रामाणिक आणि ती स्वीकारणे म्हणजे पुरुषी नजरेला शरण जाणे, असा निष्कर्ष यातून निघत असेल तर एक सक्ती काढून तिच्या जागी दुसरी बसवल्यासारखे होईल. लॉर्डच्या लेखनात काही ठिकाणी असा कल जाणवतो. प्रत्येक व्रण युद्धाचीच खूण असला पाहिजे, प्रत्येक रुग्ण स्त्री योद्धाच असली पाहिजे, हीदेखील एक अपेक्षा आहे आणि तीही थकवणारी आहे. रोज सकाळी आरशासमोर उभे राहताच आजार आठवू नये, ब्लाउज नेसताना विचार करावा लागू नये, एवढ्याचसाठी एखादी स्त्री पुनर्रचना करून घेते. तिच्या या इच्छेत नजरेचे संस्कार नसतील असे नाही. परंतु संस्कारांपासून मुक्त अशी इच्छा कुणाचीच नसते. न केल्याचाही संस्कार असू शकतो. तेव्हा निवडीच्या शुद्धतेवरून तिची किंमत ठरवू पाहणारी नीती आरंभीच चुकते.

हा पेच सोडवण्यासाठी आपल्या परंपरेतील एक वाद उपयोगी पडतो. अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, ही अवयवांहून वेगळी आहे काय, यावर नैयायिक आणि बौद्ध यांच्यात दीर्घ काळ खंडनमंडन झाले. बौद्धांच्या मते पूर्ण असे काही नसते, अवयवांचा समूह तेवढा असतो. न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी हे स्वतंत्र द्रव्य आहे आणि ते आपल्या अवयवांत समवायाने राहते. या भूमिकेतून त्यांना एक अवघड निष्कर्ष स्वीकारावा लागला. वस्त्रातून एक तंतू काढला तर पूर्वीचे वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या तंतूंतून एक नवे वस्त्र उत्पन्न होते. त्याला ते 'खंडपट' म्हणतात. 'हे तेच वस्त्र' ही आपली ओळख केवळ साजात्यावर उभी असते.

हा सिद्धांत तार्किक अडचणीतून निघाला, सांत्वनासाठी नव्हे. तरी प्रस्तुत प्रश्नात त्याचे महत्त्व असे की, त्याने 'पूर्ववत' या कल्पनेचा आधारच काढून घेतला. पुनर्रचना केलेला देह पूर्वीचा नव्हे आणि न केलेला देह म्हणजे पूर्वीच्याच देहाची उणी आवृत्ती नव्हे. दोन्ही खंडपट आहेत, आणि खंडपट हा पटच असतो. तो फाटका पट नव्हे. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवू नये, तिचे विसर्जन करावे, हा लोकाचार मूर्तीपुरता ठीक असेल. देहाच्या बाबतीत न्यायमत त्याच्या अगदी उलट दिशेला जाते : जे खंडित झाले ते संपले, आणि जे आहे ते नव्याने पूर्ण आहे.

अर्थात, एवढ्याने दुःखाचा निकाल लागत नाही. वैशेषिक मतानुसार बालपणीचे शरीर आणि तारुण्यातील शरीरही भिन्नच; परंतु वाढीने येणारे नवेपण आणि सुरीने येणारे नवेपण यांत फरक आहे. जे वस्त्र गेले त्याचा शोक करण्याचा अधिकार 'तू पूर्णच आहेस' या वाक्याने हिरावून घेता येत नाही. पूर्णत्वाचा हा दावा तिने केला तर तो मुक्तीचा ठरेल. इतरांनी तिच्यावर लादला तर तेही एक तऱ्हेचे रोपणच होईल.

५

साहित्यविचाराच्या दृष्टीने याचे फलित कोणते? आर्थर फ्रँक याने १९९५ साली 'द वुंडेड स्टोरीटेलर' या ग्रंथात आजाराच्या कथनांचे जे प्रकार सांगितले, त्यांतला पहिला पूर्वस्थितीप्राप्तीचा : काल निरोगी, आज आजारी, उद्या पुन्हा निरोगी. वाचकाला हा आकृतिबंध प्रिय असतो, कारण तो त्याला निश्चिंत करतो. स्तनाची पुनर्रचना या आकृतिबंधाचा सोयीचा शेवट बनते. जखम बुजावी तशी कथा बुजते. फॅनी बर्नी या इंग्रज कादंबरीकर्तीने ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये, भूल देण्याचे तंत्र नसताना, झालेल्या आपल्या स्तनच्छेदनाविषयी बहिणीला पत्र लिहिले. ते पुरे व्हायला कित्येक महिने लागले, आणि लिहिलेले पुन्हा वाचणे तिला सोसवेना. त्यानंतर ती १८४० पर्यंत जगली. वैद्यकाच्या भाषेत ती बरी झाली. पत्र मात्र बरे झालेले नाही, आणि त्याचे मोल त्यातच आहे. लॉर्डचे पुस्तकही रोजनिशीतील नोंदी, भाषण आणि निबंध यांचे बनलेले, शिवणी दिसणारे आहे. समीक्षेने त्याला सैल रचना म्हणावे की खंडपट, हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नव्हे.

आणि ज्यांच्यापर्यंत ही निवडच पोचत नाही त्यांचे काय? महाश्वेता देवींच्या 'स्तनदायिनी' या बंगाली कथेतील जशोदा परक्या घरातील मुलांना अंगावर पाजून संसार चालवते. तेच अंग अखेर कर्करोगाने सडते. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी या कथेचा इंग्रजी अनुवाद आपल्या १९८७ सालच्या निबंधसंग्रहात समाविष्ट केल्यापासून राष्ट्रमाता, श्रम, देह अशा अनेक अंगांनी तिची चर्चा झाली. प्रस्तुत संदर्भात एकच गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. जशोदाचा स्तन निरोगी होता तोवर तो सर्वांचा होता. रोग जडल्यावर तो एकट्या तिचा झाला. रुग्णालयात ती मरते तेव्हा तिने पाजलेल्यांपैकी कुणीही जवळ नसते. पुनर्रचनेचा प्रश्न तिला विचारला गेला नाही, कारण तो अवयव तिचा आहे हेच आधी कुणी मानले नव्हते.

म्हणून मूळ प्रश्न रचना करावी की करू नये हा नाही. तो निर्णय तिचा, आणि त्याची कारणे तिने कुणाला दिलीच पाहिजेत असे नाही. नैतिक प्रश्न तिच्या भोवती उभ्या असलेल्यांना आहे : नातलगांना, वैद्यांना आणि वाचकांना. ती पूर्ववत झाली याची खात्री त्यांना कशासाठी हवी असते? तिच्या स्वास्थ्यासाठी, की स्वतःच्या? 'अंग' हा शब्द भाग आणि पूर्ण या दोहोंना पुरतो. त्या दोहोंतला कोणता अर्थ आपल्या देहाला लागू करायचा, हे ठरवण्याचा अधिकार ज्या दिवशी तिच्याकडे जाईल, त्या दिवशी 'बरे होणे' या क्रियापदाचा कर्ता खऱ्या अर्थाने ती असेल.