माशीची साक्ष



बकरी ईदचा दुसरा दिवस उजाडला की माहीमच्या गल्ल्यांत एक पाहुणी न बोलावता येते. अंगावर हिरवी-निळी धातूसारखी झळाळी, मोठे तांबूस डोळे आणि घरमाशीहून भारी घोंघाट. माहीमला ती नवखी नाही. खाडीचा काठ आणि मासळीचे बाजार तिच्या बारमाही परिचयाचे आहेत. तिचे शास्त्रीय नाव क्रायसोमिया मेगासेफाला, म्हणजे मोठ्या डोक्याची. डॅनिश शास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने १७९४ मध्ये तिचे वर्णन केले. मूळची ती आशिया व ऑस्ट्रेलियाकडील उष्ण प्रदेशांतली; १९७० च्या दशकात ब्राझीलपर्यंत पोहोचली.

आपण तिला पाहून नाक मुरडतो आणि घाण केली म्हणून तिलाच दोष देतो. हा दोष खरोखर तिचा आहे काय, एवढाच प्रश्न मला आपल्यापुढे ठेवायचा आहे. (माशीचा विषय निघाला की पेल्यात पडलेल्या माशीच्या हदीसवर चर्चा सुरू होते, ती आज बाजूला ठेवू.)

पवित्र कुरआनच्या सूरह अल-हजमध्ये, ७३ व्या आयतीत, अल्लाह माशीचा दाखला देतो. अल्लाहखेरीज ज्यांचा धावा केला जातो ते सारे एकवटले तरी एक माशी निर्माण करू शकणार नाहीत, आणि तिने काही हिरावून नेले तर ते परतही मिळवू शकणार नाहीत, असा त्या आयतीचा आशय आहे. याच सूरहच्या ३७ व्या आयतीत कुर्बानीविषयी सांगितले आहे की, अल्लाहपर्यंत मांस पोहोचत नाही, रक्तही नाही. पोहोचतो तो तुमचा तक्वा. ज्यांची दर्गाह माहीमची ओळख झाली आहे, ते हजरत मखदूम फकीह अली माहिमी (र.) चौदाव्या-पंधराव्या शतकातले थोर भाष्यकार होते. आयतींचा परस्परसंबंध उलगडून दाखवणे, हे त्यांच्या ‘तबसीरुर्रहमान’ या भाष्याचे वैशिष्ट्य मानले जाते. त्यांच्या गावी राहणाऱ्यांनी कुर्बानी आणि माशी एकाच सूरहमध्ये आहेत, याचा थोडा विचार करावयास हरकत नाही.

माशी घाणीतून आपोआप उपजते, असा समज शतकानुशतके होता. १६६८ मध्ये इटलीतील फ्रान्सेस्को रेदी याने मांसाची काही भांडी उघडी ठेवली व काहींवर विरळ कापड बांधले. उघड्या मांसात अळ्या पडल्या, झाकलेल्यात पडल्या नाहीत. अळ्या मांसातून जन्मत नाहीत, माशीच्या अंड्यांतून जन्मतात, हे त्यातून सिद्ध झाले. आमच्या दृष्टीने त्या प्रयोगाचा आणखी एक अर्थ आहे. ज्याने भांडे झाकले त्याच्याकडे अळी आली नाही. म्हणजे माशीला दार उघडणारा माणूसच होता.

ही माशी उघड्या मांसावर काही मिनिटांत येते. मादी एका वेळी शेकडो अंडी घालते. मुंबईच्या उकाड्यात एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात, दोनदा कात टाकतात, चार-पाच दिवस खातात आणि मग कोरड्या मातीत शिरून कोष करतात. साधारण दहा-बारा दिवसांत नवी माशी उडते. अळीच्या मागच्या टोकाला श्वसनरंध्रे असतात. त्यांवर दुसऱ्या अवस्थेत दोन चिरा दिसतात, तिसऱ्या अवस्थेत तीन. हा क्रम इतका नेमका आहे की बेवारस मृतदेहावरील अळ्या पाहून मृत्यूला किती काळ लोटला, याचा अंदाज न्यायवैद्यक तज्ज्ञ बांधतात. चीनमध्ये सोंग त्सी याने १२४७ च्या आपल्या ग्रंथात एक खून प्रकरण नोंदवले आहे. गावकऱ्यांनी आपापले विळे समोर ठेवले तेव्हा एकाच विळ्यावर माशा बसल्या. धुतलेले रक्त माणसाला दिसत नव्हते, माशांना ते कळले, आणि विळ्याच्या मालकाने गुन्हा कबूल केला.

कयामतच्या दिवशी माणसाचे हात बोलतील आणि पाय साक्ष देतील, असे आपण मानतो. तिसऱ्या दिवशी कचराकुंडीजवळच्या पिशवीत तीन चिरांची अळी सापडते, तीही एक साक्षच आहे. ही आतडी ईदच्या दिवशीच येथे टाकली आणि कोणी मागे वळून पाहिले नाही, हे ती सांगत असते. गेली काही वर्षे ईद पावसाळ्याच्या तोंडावर येत आहे. ओलाव्यात ही साक्ष अधिकच ठळक होते.

यावर एक युक्तिवाद ऐकू येतो: अल्लाहने सफाईसाठीच हे जीव निर्माण केले, मग आपण कशाला चिंता करावी? त्यातला पहिला भाग खरा आहे. मेलेले जनावर मातीत मिसळवण्याचे काम ही माशी करते. आपण आवडीने खातो त्या आंब्याच्या मोहोराचे परागीभवन करणाऱ्यांतही माशांचा वाटा मोठा आहे. हिच्याच कुळातल्या दुसऱ्या एका माशीच्या अळ्यांनी चिघळलेल्या जखमा स्वच्छ होतात, हे पहिल्या महायुद्धात विल्यम बेअर या अमेरिकन शल्यविशारदाने पाहिले आणि पुढे त्याने तो उपचार म्हणून वापरला. ती आपले नेमून दिलेले काम करते. पण तिचे काम रानात पडलेल्या प्राण्यासाठी आहे, शेजाऱ्याच्या उंबऱ्यापाशी आपण टाकलेल्या पिशवीसाठी नव्हे. रस्त्यावरची त्रासदायक वस्तू दूर करणे, हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ईमानचा भाग ठरवला, ती वस्तू आणून ठेवणाऱ्याचे काय, हे वेगळे सांगावयास हवे काय? माहीममध्ये मुस्लिम, हिंदू, ख्रिस्ती भिंतीला भिंत लावून राहतात. दुर्गंधी त्यांच्याही घरात शिरते, आणि तो हक्कुल-इबादचा प्रश्न आहे. माणसाचा हक्क बुडवला तर त्या माणसाकडूनच माफी मिळवावी लागते.

रेदीचे भांडे झाकायला कापडाचा एक तुकडा पुरला होता. आपल्यालाही फार करावे लागत नाही. अवशेष लगेच जाड पिशवीत घट्ट बांधावेत, त्याच दिवशी महापालिकेच्या गाडीत द्यावेत आणि रक्ताची जागा धुवावी. पिशवी तशीच पडून राहिली तर तिसऱ्या दिवशी तिला हात लावावा लागतो तो सफाई कामगाराला. कुर्बानीच्या मांसात नातेवाईक, शेजारी आणि गरिबांचा वाटा काढण्याची आपली रीत आहे. त्या वाट्याच्या यादीत हा माणूस कधी होता काय, आणि आपल्या घरातून त्याच्या हाती आजवर नेमके काय गेले, हे प्रत्येकाने आपल्या घरीच विचारून पाहावे.